भिंतीवरची चौदा माणसं

शनिवारी दुपारी तीनला कार्लने सौनाची, म्हणजे वाफेच्या खोलीची, भट्टी पेटवली, तेव्हा हाउताला कुटुंबात पडद्याच्या बाजूने तीन मतं होती, विरुद्ध एक होतं, एक कार्लचं होतं, म्हणजे जो शेवटी बोलेल त्याचं, आणि एक हेल्मीचं होतं, जे तिचं तिलाच अजून सापडलं नव्हतं. पहिल्या पाच मतांना गावात कुणी विचारत नव्हतं. हेल्मीच्या मताला विचारत होतं, कारण शाळा समितीवर त्या घरातली ती एकटीच होती.

समितीत माणसं सात. मतदान सोमवारी संध्याकाळी सातला. तिघं पडदा हवा म्हणणारे, तिघं नको म्हणणारे, आणि सातवी हेल्मी, समितीची चिटणीस. वय एकोणसाठ. पोस्टातल्या नोकरीत तिने बत्तीस वर्षं गावाची पत्रं न वाचता वाटली होती, आणि आता सगळं गाव तिच्या मनातलं वाचायला टपलं होतं. किराणा दुकानात बटाटे निवडताना लोक तिच्या चेहऱ्याकडे बघत. तिने मोठे बटाटे घेतले तर एक अर्थ लावत, लहान घेतले तर दुसरा.

पडदा टाकायचा होता शाळेच्या कॅन्टीनमधल्या भिंतीवर. ती भिंत हेल्मीच्या वडिलांनी, आर्विद हाउतालाने, १९३८ साली रंगवली. तांब्याची खाण बंद पडली होती आणि सरकार बेकार चित्रकारांना शाळांच्या आणि पोस्टांच्या भिंती देत होतं. आर्विद चित्रकार होता की नाही याबद्दल दोन मतं होती, पण बेकार होता याबद्दल एकच. सरकारी साहेबाने सांगितलं, इथल्या माणसांचं रोजचं जगणं काढा. आर्विदने शनिवारचा सौना काढला. तीन फळ्या, वाफ, आणि फळ्यांवर चौदा माणसं, तान्ह्या पोरापासून दात पडलेल्या म्हातारीपर्यंत, सगळी सौनात असतात तशी, म्हणजे अंगावर सूत नाही. खऱ्या सौनात पुरुषांची फेरी आधी आणि बायकांची नंतर. पण भिंत एकच मिळाल्यामुळे आर्विदने दोन्ही फेऱ्या एकत्र बसवल्या. लोकांनी त्या काळी एवढंच नाव ठेवलं, की मधली फळी भट्टीच्या फार जवळ घेतली आहे, अशाने एखाद दिवशी आग लागायची.

पंचावन्न वर्षं गावातली पोरं त्या चित्राखाली बटाटे आणि मीटलोफ खात आली. चित्रातली बहुतेक माणसं पाठमोरी, पण गावात पाठीवरून माणूस ओळखणं काही अवघड नव्हतं. ही निस्कानेनांची आजी, हा लोहाराचा भाऊ, ही मधल्या फळीवर केस बांधत असलेली आर्विदची बायको आउने. खालच्या फळीवरचा एक म्हातारा बादली दोन्ही हातांनी नाकापाशी धरून त्या बादलीकडेच टक लावून बसला होता. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. पोरं त्याला चष्मा हरवलेला आजोबा म्हणत आणि पुढे जात.

मग सप्टेंबरात हेल्मीच्या मुलीने, काइसाने, आठवीचा वर्ग कॅन्टीनमध्ये नेला. काइसा शाळेत चित्रकला शिकवते. पाठ कशी वळते, खांदा कसा उतरतो ते काढा, असं तिने मुलांना सांगितलं. नव्या तुरुंगावर बदली होऊन आलेल्या एका अधिकाऱ्याने आपल्या मुलीची वही चाळली आणि समितीला चार पानी पत्र लिहिलं. पत्र स्थानिक पेपरात छापून आलं. मग ज्यांनी बारा बारा वर्षं त्या भिंतीखाली जेवण केलं होतं ते लोक मुद्दाम गाड्या काढून भिंत बघायला आले, आणि बघून धक्का बसल्याचं सांगून गेले. समितीने वकिलाचा सल्ला मागवला. वकिलाने कळवलं, की चित्रातल्या कुणाशी नातं असलेल्या सभासदाने मत देऊ नये. तसं केलं असतं तर सातातले पाच घरी बसले असते. सल्ला आभारपूर्वक फायलीत गेला.

समितीचे अध्यक्ष वॉल्टर पेल्टो यांनी मग मधला मार्ग काढला. भिंत पुसायची नाही. जाड पडदा टाकायचा, दोरीचा. पालकांनी लेखी परवानगी दिलेल्या मुलांसाठी तो पाच मिनिटं उघडायचा. शिवाय काइसाने पालकांना दिलगिरीचं पत्र लिहायचं. हे सगळं सोमवारीच उरकायला हवं होतं, कारण पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार सुरू होते, आणि एकदा ती सुरू झाली की गावात भावना दुखावून घ्यायला डिसेंबरपर्यंत एकही पुरुष सापडत नाही.

हे सगळं हेल्मीला पाठ होतं. नव्हतं ठाऊक ते स्वतःचं मत, आणि त्याचं कारण होतं रेइनो.

रेइनो तिचा भाऊ, तिच्याहून सात वर्षांनी मोठा, चर्चचा कारभारी, आणि पडद्याचा या घरातला पहिला पाठीराखा. चित्र पुरं झालं त्याच हिवाळ्यात आई गेली. हेल्मी पाच वर्षांचीही नव्हती. वडील त्यानंतर फारसे बोललेच नाहीत, आणि हेल्मीला वाढवलं ते अकरा-बारा वर्षांच्या रेइनोने. तिच्या वेण्या तो घालायचा, खाणीतला दोर बांधावा तशा घट्ट. पहिलीच्या वर्गातल्या फोटोत सगळ्या मुलींमध्ये हेल्मी एकटीच सतत आश्चर्य वाटल्यासारखी दिसते ती त्यामुळे. त्याने आयुष्यात तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात फोनवर तेवढं म्हणाला, “हेल्मी, हे एवढं कर माझ्यासाठी,” आणि तिने काही बोलायच्या आत फोन ठेवला.

दुसऱ्या बाजूला काइसा होती, आणि काइसाच्या मागे ती भिंत.

चारला सगळे जमले. रेइनोची बायको डोरिस मोठ्या डब्यातून पास्टी घेऊन आली. तिचे आईवडील कॉर्नवॉलकडचे, आणि मांसाची करंजी हेच तिच्या मते माणसाने निसर्गावर मिळवलेलं एकमेव यश. तिने येताना सायमी आत्यालाही गाडीत घातलं होतं. सायमी आत्या आर्विदची धाकटी बहीण. वय चौऱ्याऐंशी. चित्रातल्या चौदांपैकी जिवंत उरलेली ती एकटी, वरच्या फळीवरून उजवीकडून दुसरी, तेव्हा वय एकोणतीस. रेइनोचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा होता: बिचाऱ्या म्हातारीने या वयात हे का सोसायचं.

रिवाजाप्रमाणे पुरुष आधी गेले. पुरुष म्हणजे रेइनो आणि कार्ल, हेल्मीचा नवरा.

सौनात आवाज चढवायचा नाही, चर्चमध्ये वागतो तसं वागायचं, हे या घरातल्या पोरांना बोलता यायच्या आधी कळतं. त्यामुळे तिथे भांडण होऊच शकत नाही. होतं ते एवढंच, की दोघांपैकी ज्याला उष्णता जास्त सोसते त्याचं म्हणणं मान्य होतं. कार्ल स्वीडिश, आणि रेइनो सौनात वाढलेला फिन. पाऊण तासाने दोघे बाहेर आले, लालबुंद, अंगातून वाफा निघताहेत, आणि कार्ल दारातच हेल्मीला म्हणाला, की ठरलंय.

“काय ठरलंय?”

“पडदा. तपकिरी.”

“कुणी ठरवलं?”

“एकमताने,” कार्ल म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

मग बायकांची फेरी. हेल्मीने भट्टीतल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ चढली, आणि चौघी फळ्यांवर बसल्या. काइसा वर, कारण तिला अजून सोसतं. डोरिस खाली दाराजवळ. लग्नानंतरची पहिली वीस वर्षं डोरिस सौनात पोहण्याचे कपडे घालून बसायची, आणि या घराने त्यावर एकदाही चकार शब्द काढला नव्हता. सून म्हणून ती स्वीकारली गेली याचा तेवढाच पुरावा तिला पुरेसा होता. एकविसाव्या वर्षी एका शनिवारी ती कपड्यांशिवाय आली. त्यावरही कुणी काही बोललं नाही.

सुरुवातीला हवापाण्याचं झालं. मग डोरिसने विषय काढला, अगदी हळू आवाजात. ती म्हणाली, की तिला स्वतःला भिंतीचं काही नाही. तिने उभ्या आयुष्यात एवढ्या पाठी बघितल्या आहेत की चौदा काय आणि चाळीस काय. पण आत्याचा विचार करायला नको का? आत्याला किती संकोच वाटत असेल, पेपरात नाव येतंय, लोक गाड्या काढून बघायला येतात.

सायमी आत्या मधल्या फळीवर डोळे मिटून बसली होती. वयाने तिची पाठ वाकली होती, पण मणक्यांची ती ओळ तीच, आणि हेल्मीच्या मनात आलं, की एका माणसाची पाठ पंचावन्न वर्षांच्या अंतराने दोनदा बघायला मिळालेले लोक फार थोडे असतील.

“कुणाला संकोच वाटतोय म्हणालीस?” आत्याने विचारलं.

“तुम्हाला, आत्या. रेइनो सांगत होते.”

“मला कुणी विचारलं?”

डोरिसने काइसाकडे बघितलं, काइसाने आईकडे. कुणीच विचारलं नव्हतं. रेइनोला विचारायची गरज वाटली नव्हती, आणि काइसाच्या बाजूने ती कधी मोजलीच गेली नव्हती. सात आठवडे सगळं गाव ज्या म्हातारीच्या अब्रूबद्दल बोलत होतं, तिच्याशी त्याबद्दल बोलायचं कुणाला सुचलं नव्हतं. आणि ती दर शनिवारी इथेच, या फळीवर, हातभर अंतरावर बसलेली असायची.

“रेइनोला माझी लाज वाटते,” आत्या म्हणाली, “आणि ती मलाच वाटते असं त्याने ठरवून टाकलंय. पुरुषांच्या फेरीत असलं पुष्कळ ठरतं. मी एकोणतीस वर्षांची होते ग. बरी दिसत होते. जाऊन बघा.”

काइसा हसली. मग आत्या म्हणाली, की लाज तिला वाटते खरी, पण वेगळ्याच गोष्टीची. तो बादलीवाला म्हातारा.

“त्याच्या हातात बादली नव्हती. वर्तमानपत्र होतं.”

तिने जे सांगितलं ते असं. त्या काळी गावात खाणीच्या कामासाठी समुद्रापलीकडून आलेले फिन दोन तऱ्हेचे होते, चर्चचे आणि कामगार सभागृहाचे, म्हणजे समाजवादी. दोघांची दुकानं वेगळी, नाचाचे हॉल वेगळे, स्मशानातल्या बाजूसुद्धा वेगळ्या. आर्विद कुठलाच नव्हता, पण म्हातारा काढताना त्याने त्याच्या हातात कामगारांचं वर्तमानपत्र दिलं, कारण तो म्हातारा खरंच ते कुठेही न्यायचा, सौनातसुद्धा. चित्र पुरं झालं. उद्घाटन पुढच्या बुधवारी. आणि सायमीचं लग्न ठरलं होतं पाद्रीबाईंच्या, म्हणजे पाद्र्याच्या बायकोच्या, मुलाशी. पाद्रीबाई शाळेत येऊन चित्र बघून गेल्या. चौदा उघड्या माणसांबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, तो तर शनिवार होता. पण ते वर्तमानपत्र शाळेच्या भिंतीवर? पोरांच्या डोळ्यांसमोर? त्या सायमीला एवढंच म्हणाल्या, की तुझ्या भावाला समजावून सांगता येईल का बघ.

“मग मी आर्विदला सांगितलं. भांडले नाही. रडले पण नाही. म्हटलं, माझ्यासाठी एवढं कर.”

हेल्मीने मान वर केली.

“तो काहीच म्हणाला नाही. शनिवारी दुपारी गेला आणि अर्ध्या तासात त्याची बादली करून आला. हात तसेच ठेवले. म्हातारा बिचारा तेव्हापासून बादली वाचत बसलाय.” आत्याने चेहऱ्यावरचा घाम पुसला. “लग्न पुढे मोडलंच, ते वेगळं. त्यानंतर सरकारी साहेब दोनदा आला, म्हणाला, आणखी दोन शाळांच्या भिंती आहेत. आर्विद नको म्हणाला. मरेपर्यंत घरं रंगवली त्याने. भिंती पुष्कळ रंगवल्या. पांढऱ्या.”

भट्टीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला. कुणी बोलायला लागलं असतं तर आवाज चढला असता. हेल्मीला आठवलं, वडील रविवारी जेवण झाल्यावर टेबलाच्या कडेवर बोटाने काहीतरी गिरवत बसायचे, आणि कुणी बघतंय असं वाटलं की थांबायचे. त्यांना पानगळीच्या दिवसांत सांधे दुखतात म्हणून ते असं करतात, अशी तिची समजूत होती. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. तिने आपलं ते ठरवून टाकलं होतं.

“त्यांनी कधी तुम्हाला बोलून दाखवलं?” काइसाने विचारलं.

“कधीच नाही,” आत्या म्हणाली. “तेच तर.”

डोरिसने दगडांवर पुन्हा पाणी टाकलं. एरवी ती जास्त वाफेला घाबरते.

बायका बाहेर आल्या तेव्हा स्वयंपाकघरात टेबल मांडलेलं होतं. पास्टी गरम केली होती, वेलदोड्याचा गोड पाव, निसू, कापून ठेवला होता, कार्ल कॉफी ओतत होता आणि कुणाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हता. रेइनो खुर्चीत सैलावून बसला होता, बऱ्याच दिवसांनी.

“पेल्टोला फोन करून टाकला,” तो म्हणाला. “सांगितलं, हाउतालांचं ठरलंय. पडदा. त्याला फार हायसं वाटलं.”

हेल्मीने ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर पसरला.

“हाउताला म्हणजे कोण कोण?”

“मी आणि कार्ल.”

“कार्ल लिंडक्विस्ट आहे.”

“बरं. मग मी.”

“आणि मत कुणाचं सांगितलंस?”

रेइनोने कप पुढे ओढला. कॉफीत साखर घातली, ढवळली, पुन्हा ढवळली. काइसा काहीतरी बोलणार होती, पण आईने हातानेच थांबवलं. गावात दिलेला शब्द परत घेणं ही काय गोष्ट आहे हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आर्विदच्या पिढीतल्या एका सुताराने दरवाजाचा शब्द देऊन खिडकी दिली होती. त्याच्या नातवाकडून लोक अजूनही काम करवून घ्यायला कचरतात.

डोरिस नवऱ्याशेजारी न बसता सायमी आत्याच्या शेजारी जाऊन बसली. तिथून तिने त्याला सांगितलं, की आत्याला संकोच वगैरे काही नाही, तिने स्वतः ऐकलंय. तेव्हा आत्याचं नाव आता कुणी घेऊ नये, आणि स्वतःचं कारण असेल तर ते सांगावं. रेइनोने बायकोकडे असं बघितलं, की जणू ती पुन्हा पोहण्याचे कपडे घालून आली आहे.

“कारण आहे का?” हेल्मीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

रेइनोने चमचा टेबलावर ठेवला.

“सात वर्षं,” रेइनो शेवटी म्हणाला. “सहावीपासून शाळा सुटेपर्यंत. रोज बटाटे, आणि वर आई. पहिले काही महिने ती होती तरी. नंतर ती नव्हती आणि तरी होती, तशी, सगळ्यांसमोर. पोरं बोलायची. वॉल्टर तर रोज. ताट घेऊन यायचा आणि विचारायचा, काय रे, तुझ्या आईला थंडी नाही वाजत का? आम्ही तिला जानेवारीत पुरलं होतं. जमीन गोठलेली, खणायला दोन दिवस लागले. थंडी नाही वाजत का म्हणे.” त्याने कप बशीत ठेवला. “मी भिंतीकडे पाठ करून जेवायचो. अकरा वर्षांचा असताना मला कुणी विचारलं असतं ना, काय हवं, तर मी पडदाच मागितला असता. आता विचारतायत, तर मागतोय.”

“कुठला वॉल्टर?” काइसाने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं.

“पेल्टो. आता त्याच्या नाती आहेत शाळेत,” रेइनो म्हणाला. “माणूस सुधारतो.”

हेल्मी उभीच होती. ती बसली. तिला वाटलं होतं, भावाचं कारण चर्चमधलं असेल, किंवा लोक काय म्हणतील यातलं, आणि त्याला कसं उत्तर द्यायचं याची तिने मनात थोडी तयारीही केली होती. याची नव्हती केली.

“मी चौथ्या टेबलावर बसायचे,” ती म्हणाली. “भिंतीकडे तोंड करून. मला तिचा आवाज आठवत नाही, रेइनो. फोटो एकच आहे, तो चर्चच्या पायऱ्यांवरचा, त्यात टोपीची सावली पडलीय तोंडावर. तुला तिचा चेहरा माहीत आहे. मला तिची पाठ माहीत आहे. मान माहीत आहे. डावा खांदा जरा उतरता आहे, माझाही आहे. बारा वर्षं मी रोज आईबरोबर जेवले.”

रेइनो तिच्याकडे बघत राहिला.

“तू वेण्या घालून द्यायचास ना. मी आधी जाऊन तिला दाखवायचे. मग खायला बसायचे.”

कार्लने नाक शिंकरलं आणि म्हणाला, की मग पडदा नको. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, पण त्याला सवय होती.

“मला हे कधी बोलली नाहीस,” रेइनो म्हणाला.

“तू तरी कुठे बोललास?”

सायमी आत्या मध्ये पडली. ती म्हणाली, की या घरातले लोक एकमेकांसाठी एवढं एवढं करतात आणि मग पन्नास वर्षं गप्प बसतात. तिने तेच केलं, आर्विदनेही तेच केलं. मग तिने रेइनोला बादलीची हकिकत सांगितली, सौनात सांगितली होती त्याहून थोडक्यात. रेइनोने सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, की वडील त्या शनिवारी कितीला घरी आले होते. आत्या म्हणाली, साडेपाचला. रेइनो म्हणाला, त्याला आठवतंय. आईने विचारलं होतं, आज बूट कुणी रंगाने भरवले, आणि वडील म्हणाले होते, मीच, चूक झाली.

बाहेर अंधारायला लागलं होतं. हेल्मी उठली, दिवा लावला, आणि भावाला म्हणाली, की ती सोमवारी पडद्याच्या विरुद्ध मत देणार. दिलगिरीच्या पत्राच्याही विरुद्ध. तिने हे त्याच्यासाठी केलं असतं, आज चारपर्यंत केलंच असतं. पण तिच्यासाठी कुणी बादली रंगवावी अशी तिची इच्छा नाही, आणि त्याच्यासाठी तिने रंगवली तर उरलेले शनिवार ती त्याच्यासमोर टेबलावर बोटाने काय गिरवत बसेल कोण जाणे.

“मी शब्द देऊन बसलोय,” रेइनो म्हणाला. त्यात राग नव्हता. एक अडचण होती, ती त्याने टेबलावर ठेवली.

“तो माझा होता.”

तो उठला. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन घेतला, त्याची लांब वायर निसूच्या ताटावरून ओढली गेली, आणि पेल्टोचा नंबर न बघता फिरवला. सगळे बसून ऐकत राहिले. दुसऱ्या खोलीत जाण्याचं नाटक कुणी केलं नाही.

“वॉल्टर. रेइनो. मघाशी जे सांगितलं ना, ते माझं मत होतं. हेल्मीचं मी विचारलं नव्हतं.” पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. “नाही. नाही रे. विरुद्ध देणार म्हणते. हो, चारला तीन.” पुन्हा पलीकडून. “आता सांगितलं म्हणजे काय करू, जीभ कापून घेऊ? मी चुकलो. तेच सांगायला फोन केलाय.” मग जरा थांबून, “नाही, माझं मत बदललं नाहीये. मी येणार आहे सोमवारी. बोलणार आहे. पडद्याच्याच बाजूने.”

त्याने फोन ठेवला आणि तिथेच उभा राहिला, हात फोनवर तसाच.

“ऐकलंस,” तो हेल्मीला म्हणाला. “तू मत दे. मी बोलणार. त्या पोरांत एखादं तसंच असेल, भिंतीकडे पाठ करून बसणारं. ते कुणीतरी सांगायला हवं.”

“सांग,” हेल्मी म्हणाली. “नाव आजच लिहून घेते. माणशी तीन मिनिटं. घड्याळ माझ्याकडे असतं.”

“तीन मिनिटांत काय होतं?”

“सगळ्यांना तीनच. तुरुंगवाल्यालाही तीनच.”

काइसा इतका वेळ निसूच्या तुकड्याचे आणखी लहान तुकडे करत होती. सात आठवड्यांत तिला निनावी पत्रं आली होती, वर्गाच्या दारावर कुणीतरी रुमाल खिळ्याने ठोकून गेलं होतं, आणि सोमवारी काय बोलायचं याचे तिने तीन मसुदे केले होते, हे हेल्मीला माहीत होतं. शेवटचा चांगला होता.

“माझी घे, मामा,” ती म्हणाली.

“काय घेऊ?”

“माझी तीन मिनिटं. मी माझ्या जागी बसून राहीन. माझ्या बाजूने भिंत आहे की, ती तिथेच असणार आहे. तुझ्या बाजूने बोलायला कुणी नाही.”

रेइनोने आधी तिच्याकडे पाहिलं, मग हेल्मीकडे, भावासारखं नव्हे, नियमावली कुणाकडे आहे हे माहीत असलेल्या माणसासारखं.

“चालतं का असं?”

हेल्मीने नियम आठवून बघितला. वक्त्याला आपली वेळ दुसऱ्या वक्त्यास देता येईल, कलम नऊ. गेल्या बावीस वर्षांत कुणी वापरलं नव्हतं, कारण गावात आपली वेळ दुसऱ्याला द्यावी असं आजवर कुणाला वाटलंच नव्हतं.

“चालतं.”

“म्हणजे सहा,” रेइनो म्हणाला. तो खुर्चीत बसला, पास्टीचा मोठा तुकडा ताटात ओढून घेतला आणि बोटांवर काहीतरी मोजलं. “मग वॉल्टरबद्दलही बोलता येईल.”